मासळी, गाडी, क्रिकेट आणि कविता: कोकणातल्या मुलांबरोबर सुरुवात कशी करावी

गावच्या वाचनालयात रविवारी मुलांना जमवणारे कार्यकर्ते, जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू झालेले शिक्षक आणि आपल्या मुलाने कविता केवळ परीक्षेपुरती पाठ करू नये असे वाटणारे आईवडील यांच्यासाठी हा लेख आहे. स्वतःला कविता लिहिता येणे ही येथे अट नाही. मुलाचे बोलणे मध्येच न तोडता ऐकण्याची तयारी आणि आठवड्यातला एखादा तास एवढे हाताशी असले तरी पुरते. मुलाला कवितेची आवड नाही अशी तक्रार आपण करतो तेव्हा त्याच्या ओळखीचे, त्याच्या घरचे आणि आळीतले काहीही त्याला कवितेत आजवर भेटलेले नसते, एवढाच बहुधा तिचा अर्थ असतो. म्हणून आधी मुलाच्या आवडीचा विषय, मग त्या विषयाचे शब्द, मग त्या शब्दांचा ताल आणि सर्वांत शेवटी कागद, असा क्रम ठेवावा. आपल्याकडे नेमका उलटा क्रम चालतो. प्रथम कागद दिला जातो, त्यावर ‘माझा आवडता ऋतू’ असे शीर्षक लिहायला सांगितले जाते आणि मग मुले गप्प का बसली याचे आश्चर्य केले जाते.

विषय विचारू नये, शोधावा

‘तुला काय आवडते?’ या प्रश्नाला मुले मोठ्यांना अपेक्षित असलेलीच उत्तरे देतात. पाऊस, आई, झाडे, मोर अशी यादी मिळते. मोर पाहिलेला नसला तरी मिळते. त्यापेक्षा मूल कोणत्या विषयावर आपली चूक दुरुस्त करते, याकडे लक्ष ठेवावे. हर्णैच्या किंवा मालवणच्या एखाद्या मुलासमोर तारलीला बांगडा म्हणून पाहा. तो बोलल्यावाचून राहणार नाही आणि तारली कशी ओळखायची हे आपल्याला समजावून सांगेल. ज्या विषयात मुलाला आपल्यापेक्षा जास्त कळते तो विषय कवितेसाठी उत्तम, कारण तेथे त्याला उत्तराची भीती नसते आणि सांगणारा तो असतो, आपण ऐकणारे असतो.

कोकणात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला समुद्राचे वेड असेलच असे मात्र गृहीत धरू नये. किनाऱ्यावर वाढलेल्या कित्येक मुलांना समुद्र घरासमोरच्या रस्त्याइतका सवयीचा असतो आणि त्यांचे सारे लक्ष अंडरआर्म क्रिकेटच्या सामन्यांकडे, कोकण रेल्वेच्या गाड्यांकडे, दशावतारातल्या राक्षसाच्या रंगभूषेकडे किंवा मोबाइलवरच्या खेळाकडे असते. हे सगळे विषय चालतात. मोबाइलचा खेळ हा कवितेचा विषय नव्हे, असे आपण म्हणालो की ते मूल त्या तासापुरते आपल्यापासून दूर गेलेच समजावे. मे महिन्यात मुंबईहून आलेली चाकरमान्यांची मुले सोबत असतील, तर त्यांना गावच्या मुलांकडून शिकू द्यावे आणि गावच्या मुलांना लोकलगाडीचे प्रश्न विचारू द्यावेत. या देवघेवीत जे शब्द निघतात ते आपण ठरवून काढू शकत नाही.

शब्द गोळा करणे

विषय ठरला की लगेच लिहायला बसवू नये. एक वही घ्यावी आणि तीत फक्त शब्द लिहावेत. विषय रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरण्याचा, असेल तर वही रापण, होडी, वल्हे, दोर, जाळे, पाटी, वाटा अशा नामांपासून सुरू होईल. पण खरी मौज क्रियापदांत असते. होडी अर्धगोल फिरवून जाळे पाण्यात सोडतात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरची माणसे ओढत आणतात, मासळी निवडतात, वाटे घालतात. सोडणे, ओढणे, ताणणे, घसरणे, निवडणे, वाटणे, झटकणे, वाळवणे अशी क्रियापदे मुलांकडून काढून घ्यावीत. त्यानंतर आवाज लिहावेत: दोर ओला असताना कसा वाजतो, मासा पाटीत पडल्यावर कसा, कावळे कसे.

विशेषणांना या वहीत काही दिवस प्रवेश देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. सुंदर, छान, मनमोहक, निळाशार हे शब्द मुलांना पाठ्यपुस्तकांतून आणि निबंधांतून तयार मिळालेले असतात आणि ते आले की मूल पाहणे थांबवते. ‘सुंदर समुद्र’ लिहायला समुद्रावर जावे लागत नाही. ‘ओहोटीला होडी चिखलात कलंडते’ हे लिहायला मात्र ती पाहिलेली असावी लागते.

शब्दांसाठी जाणकार माणसाला बोलवावे. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी विणण्या-दुरुस्त करण्याचे काम चालू असते आणि इतर वेळी पहाटेच समुद्रावर जाणारी माणसे घरी भेटतात. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्यामुळे वेळही जुळते. एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, तासभर वर्गात बसवावे, त्यांना भाषण करायला सांगू नये, फक्त जाळे हातात घेऊन काम करायला सांगावे आणि प्रश्न मुलांवर सोडावेत. मुले ‘हे काय?’ विचारतील, ते सांगतील, आणि वही भरत जाईल.

बोलीतले शब्द बोलीतच लिहावेत. मुलाने मालवणीत, संगमेश्वरीत किंवा आगरी बोलीत सांगितलेला शब्द ऐकणाऱ्याने मनातल्या मनात प्रमाण मराठीत बदलून फळ्यावर लिहिला, तर आपल्या घरचे बोलणे कवितेला चालत नाही हा धडा मूल त्याच क्षणी शिकते. प्रमाणभाषेतले लेखन शिकवायला वर्षभराचे इतर तास आहेत.

एक सूचना येथेच द्यायला हवी. शब्द गोळा करायला मुलांना ओहोटीच्या खडकांवर न्यायचे असेल, तर सोबत गावातला जाणता माणूस हवा, भरतीची वेळ आधी पाहिलेली हवी आणि पावसाळ्यात ही सहल करूच नये.

कानाची तयारी

आता ताल. छंदशास्त्राचे नाव काढले की मोठी माणसेही बिचकतात, म्हणून नवशिक्यांनी सुरुवात मासळीच्या नावांपासून करावी. नियम थोडके आहेत. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचे अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. अनुस्वार असलेले अक्षर गुरू धरतात आणि जोडाक्षराच्या आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर आघात येत असेल तर तेही गुरू होते. लघूला एक टिचकी आणि गुरूला दोन टिचक्यांइतका वेळ, एवढे मुलांना पुरते.

‘बांगडा’ म्हणून पाहा. बां दोन, ग एक, डा दोन: पाच मात्रा. ‘तारली’ म्हणा. ता दोन, र एक, ली दोन: पुन्हा पाच, आणि लघू-गुरूंचा क्रमही तोच. ‘सुरमई’ मध्ये तीन लघू आणि एक गुरू, म्हणजे पाचच. ‘बोंबील’ मध्ये दोन गुरू आणि शेवटी एक लघू, तेही पाच. ‘पापलेट’ सहा मात्रांचे निघते आणि ओळीत बसायला नकार देते, याचा मुलांना फार आनंद होतो. चार पंचमात्रिक नावे हाती आली की ओळ तयारच असते, फक्त तिला उत्तर देणारी दुसरी ओळ त्याच मापाची हवी:

सुरमई बोंबील, बांगडा तारली,
टोपली सांडली, मांजरे धावली.

टोपली, सांडली, मांजरे, धावली हे चारही शब्द पाच-पाच मात्रांचे आहेत. मुलांनी हे स्वतः मोजून पडताळावे आणि मग तिसरी ओळ करावी. कुणी ‘आजीने काठी घेतली’ असे म्हणेल. तेव्हा ते चूक आहे असे न सांगता सगळ्यांनी मिळून टाळ्यांवर म्हणून पाहावे. ओळ कुठे अडखळते ते कान सांगतो. ‘आजीने’ सहा मात्रांचे आहे आणि ‘काठी’ चारच मात्रांचे, त्यामुळे टाळी चुकते हे नऊ वर्षांच्या मुलाला स्वतःहून सापडते आणि मग तो ‘धावली’ ला जोड म्हणून ‘पांगली’, ‘भांडली’ असे शब्द शोधू लागतो. शोधणे सुरू झाले की आपले निम्मे काम झाले.

गाड्यांचे वेड असलेल्या मुलांसाठी स्थानकांची नावे घ्यावीत. रत्नागिरीहून दक्षिणेकडे जाताना निवसर, आडवली, विलवडे, राजापूर रोड, पुढे वैभववाडी रोड, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, झाराप, सावंतवाडी रोड ही नावे क्रमाने आणि वेग वाढवत म्हटली की गाडी चालू लागते. रत्नागिरीच्या उत्तरेला उक्षी आणि भोके या स्थानकांच्या दरम्यान करबुड्याचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. स्थानकांच्या कवितेत त्या जागी काय करायचे, असा प्रश्न मुलांना विचारावा. कुणी तेथे कोरी ओळ सोडेल, कुणी तेवढा वेळ डोळे मिटून गप्प राहील, कुणी कानांवर हात ठेवून तीच ओळ हळू म्हणेल. कवितेत गप्प राहण्यालाही जागा असते ही गोष्ट व्याख्यानाने समजावणे कठीण आहे. बोगद्यात शिरलेल्या गाडीने ती लगेच समजते.

पहिली कविता: कोडे

लिहिण्याचा पहिला प्रकार म्हणून मी कोडे सुचवतो. कोडे लहान असते, त्यात खरी माहिती लागते, ते ऐकणाऱ्याला कामाला लावते आणि आजी-आजोबांकडे त्यांचा साठा असतो. रीत साधी आहे. वस्तूचे नाव घ्यायचे नाही. ती काय करते, कुठे राहते, तिच्याजवळ काय आहे अशा तीन खऱ्या गोष्टी सांगायच्या आणि ज्या गोष्टीवरून ती लगेच ओळखू येईल ती सर्वांत शेवटी ठेवायची. खेकड्यावरचे हे कोडे नमुन्यासाठी:

आठ पाय, दोन डेंगे, डोळे काडीवर;
लाटेआधी तिरका पळत गाठतो मी घर.

मुलांनी फणसावर, नारळाच्या झावळीवर, कंदिलावर, वायफायवर कोडी करावीत. वायफायचे कोडे अवघड असते, कारण ते दिसत नाही. मोठ्या मुलांना मुद्दाम तेच द्यावे. पाच-सहा वर्षांच्या मुलांनी तोंडीच सांगावे आणि आपण लिहून घ्यावे. या वयात हाताचा वेग जिभेच्या फार मागे असतो आणि अक्षर वळवण्याच्या खटपटीत कोडे विसरून जाते.

दुसरा प्रकार: गाऱ्हाणे

दक्षिण कोकणातल्या मुलांना एक काव्यप्रकार जन्मापासून ऐकून पाठ असतो आणि तो काव्यप्रकार आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. देवळात किंवा घरच्या कार्यात जाणता माणूस देवाला गाऱ्हाणे घालतो, प्रत्येक मागणी झाली की जमलेली माणसे एका सुरात होकार भरतात, आणि त्या होकारामुळे गद्य वाटणाऱ्या वाक्यांना ठेका येतो. पुनरावृत्ती, संबोधन, मागणी, चढत जाणारा आवेग हे सगळे त्यात आहे. क्रिकेटवेड्या मुलांकडून सामन्याआधीचे गाऱ्हाणे लिहून घ्यावे. ते साधारण असे होते:

बा देवा म्हाराजा,
आमचो चेंडू वहाळात गेलो हा, तो गावांदे रे म्हाराजा!
व्हय म्हाराजा!
जो आउट होवनसुद्धा बॅट सोडना नाय, तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!
व्हय म्हाराजा!

एकाने घालायचे, बाकीच्यांनी होकार द्यायचा. वर्गातले सर्वांत लाजाळू मूलसुद्धा होकार द्यायला तयार असते आणि दोन-चार वेळा होकार दिल्यावर त्याला स्वतःची एक मागणी सुचते. गावात या प्रकाराला श्रद्धेचे स्थान आहे, म्हणून देवाची किंवा गाऱ्हाणे घालणाऱ्या माणसाची नक्कल होणार नाही हे आधी सांगावे. शक्य तर गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसालाच बोलावून खरे गाऱ्हाणे कसे बांधलेले असते ते ऐकावे. रत्नागिरीच्या बाजूला जाखडी या लोकनृत्यातल्या सवाल-जवाबांचा असाच उपयोग होतो. दोन गट करून एकाने प्रश्नाची ओळ टाकायची आणि दुसऱ्याने उत्तराची, म्हणजे ‘मला सुचत नाही’ म्हणायला कुणाला वेळच मिळत नाही.

नोंदवहीतून कविता

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी, विशेषतः ज्यांना विज्ञान आवडते आणि कविता म्हणजे खोटे-खोटे बोलणे वाटते अशांसाठी, भरतीची नोंद हा माझ्या मते सर्वांत चांगला अभ्यास आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असताना चंद्रही पुढे सरकत असतो, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते आणि दोन भरत्यांत साधारण साडेबारा तासांचे अंतर राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते आणि पाणी फारसे चढत नाही. मुलाने जेटीची एक पायरी निवडावी, मोठ्या माणसाच्या सोबतीने आठवडाभर रोज तेथे जावे आणि वेळ व पाणी एवढीच नोंद करावी. नोंद अशी दिसते:

सोमवारी सहाला पाणी पायरीवर.
मंगळवारी सातला दहा कमी, पाणी पायरीवर.
बुधवारी सात चाळीस. पाणी पायरीखाली, पायरीवर खेकडा.

येथे थांबून मुलाला विचारावे की खेकडा का लिहिला. तो म्हणेल, होता म्हणून. हेच हवे आहे. पहिल्या दोन ओळींनी एक अपेक्षा तयार केली, तिसरीने ती मोडली, आणि मोडणारी गोष्ट खरी होती. यमक नाही, उपमा नाही, तरी वाचणारा चौथ्या ओळीची वाट पाहतो. गुरुवारी काय झाले हे त्याला कळायला हवे असते.

याच रीतीने कासवांची कविता होते. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभरेक अंडी असतात आणि दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येऊन समुद्राकडे चालू लागतात. पिल्ले सोडताना मुलांना न्यायचे असेल तर तेथल्या कार्यकर्त्यांच्या सूचना पाळाव्यात, पिल्लांना हात लावू नये, फ्लॅश वापरू नये. आणि ‘चिमुकल्या बाळांचा प्रवास’ अशी ओळ कुणी लिहिली तर एक पिल्लू किती वेळा उलटे झाले, लाटेने किती वेळा मागे आणून टाकले, हे विचारावे.

कविता वाचून दाखवणे

मुलांचे स्वतःचे काही लिहून झाले की मगच मोठ्या कवींकडे वळावे, कारण तोवर त्यांना वाचताना पाहायला काहीतरी मिळालेले असते. वाचून दाखवायची कविता आधी मोठ्याने दोनदा सराव करून घ्यावी, एका बैठकीत एकच वाचावी आणि वाचून झाल्यावर अर्थ विचारू नये. ‘पुन्हा वाचू का?’ एवढेच विचारावे. कवीला काय सांगायचे आहे, हा प्रश्न शाळेच्या परीक्षेत येणारच आहे; त्याची रंगीत तालीम घरच्या ओटीवर करण्याची गरज नाही.

कवी म्हणजे दूर कुठेतरी राहून गेलेली माणसे, असे मुलांना वाटते. तो समज कोकणात सहज दूर करता येतो. आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले जाणारे केशवसुत १८६६ साली गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडात जन्मले. तेथे त्यांचे स्मारक आहे आणि गणपतीपुळ्याला जाणाऱ्या कोणत्याही शाळेच्या सहलीला ते जवळच पडते. दादर ते सावंतवाडी धावणाऱ्या राज्यराणी एक्स्प्रेसला २०१७ मध्ये ‘तुतारी’ हे नाव त्यांच्या कवितेवरून दिले गेले, हे गाडीवेड्या मुलांना सांगून पाहावे. कवितेचे नाव लावून रोज रुळांवरून धावणारी गाडी त्यांच्या हिशेबात स्मारकापेक्षा मोठी असते. विंदा करंदीकर १९१८ साली देवगड तालुक्यातल्या धालवलीत जन्मले. २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेल्या या कवीने मुलांसाठी भरपूर आणि अतिशय खट्याळ कविता लिहिल्या आहेत, आणि नवशिक्याने मोठ्याने वाचायला घ्यावे असे पहिले नाव मी त्यांचेच सांगेन. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. त्यांच्या बालकविता मुलांना गाण्यांतून आधीच माहीत असतात, त्यामुळे त्या गाऊन दाखवण्याऐवजी एकदा सावकाश, बिनचालीच्या म्हणाव्यात.

मोठ्यांची कविता मुलांच्या विषयाशी जोडता आली तर उत्तम, पण ओढूनताणून जोडू नये. मासळीवर कविता लिहिणाऱ्या मुलाला समुद्रावरचीच कविता वाचायला द्यायला हवी असे नाही. भरतीच्या नोंदीसारखी बांधणी असलेली एखादी साधी, बिनयमकाची कविता त्याला अधिक जवळची वाटू शकते.

दुरुस्ती कशी करावी

लिहिलेल्या कागदावर लाल पेन चालवू नये. दुरुस्ती प्रश्नांनी करावी आणि एका वेळी एकच प्रश्न विचारावा. समजा, मुलाने लिहिले: ‘समुद्र खूप सुंदर आहे, मला तो आवडतो.’ कुठला समुद्र, असे विचारले तर तो म्हणतो, आमच्या घरामागचा. कधीचा? संध्याकाळचा. तेव्हा तेथे काय असते? बाबांची होडी. कशी असते? ओहोटी असते ना, म्हणून ती एका अंगावर पडलेली असते आणि तिच्या सावलीत आमचा कुत्रा झोपतो. ‘हे लिही,’ एवढेच सांगावे. ‘संध्याकाळी ओहोटीला बाबांची होडी एका अंगावर पडते, तिच्या सावलीत आमचा कुत्रा झोपतो.’ सुंदर हा शब्द आता कुठेच नाही आणि मुलाला तो गेल्याचे लक्षातही आलेले नसते. हे संभाषण पाच मिनिटांचे आहे. वर्गात चाळीस मुले असली तर ते प्रत्येकाबरोबर करता येत नाही हे खरे, म्हणून एकाबरोबर फळ्यासमोर सगळ्यांदेखत करावे आणि मग मुलांनी जोडीजोडीने एकमेकांना तेच प्रश्न विचारावेत.

यमकाबद्दल थोडे सांगायला हवे. मुलांना यमक आवडते आणि ते त्यांच्याकडून काढून घेऊ नये, पण यमकाच्या मागे लागलेले मूल काहीही लिहून बसते. बांगड्याला लंगडा हे यमक कोकणातले प्रत्येक मूल कधी ना कधी जुळवते. बांगड्याला मुळात पायच नसतात, ही अडचण नंतर लक्षात येते. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना ही अडचण खुशाल होऊ द्यावी, उलट लंगड्या बांगड्याला काठी कोण देईल, दवाखान्यात कोण नेईल असे विचारून ती वाढवावी, म्हणजे विक्षिप्त आणि मजेदार कविता होते. मोठ्या मुलांना मात्र एखादा महिना यमकाशिवाय लिहायला लावावे. सुरुवातीला त्यांची कुरकुर होते. नंतर ओळ कुठे तोडायची या विचाराला ती लागतात आणि वाचताना श्वास कुठे घ्यावासा वाटतो त्यावरून ते ठरवू लागतात.

शुद्धलेखन शेवटच्या प्रतीच्या वेळी पाहावे. आधी नाही.

कविता लोकांसमोर नेणे

लिहिलेले कुणीतरी ऐकावे असे मुलाला वाटते, पण त्यासाठी स्पर्धा भरवणे मला पसंत नाही. स्पर्धेत तीन मुले जिंकतात आणि बाकीची कवितेपासून दूर होतात; शिवाय स्पर्धेत कविता म्हणताना हातवारे करण्याची आणि प्रत्येक ओळीला मान हलवण्याची जी सवय लागते ती पुढे जाता जात नाही. त्याऐवजी कविता तिच्या जागी न्यावी. मासळीची कविता बाजाराजवळच्या भिंतीवर लावावी, भरतीची नोंद जेटीच्या फलकाशेजारी परवानगी घेऊन चिकटवावी, आंब्याची कविता पेटीत घालून मुंबईच्या मावशीकडे पाठवावी. गणपतीत भजनाआधी पाच मिनिटे मागून घेतली तर गाऱ्हाण्याच्या कवितेला सगळ्या वाडीचा होकार मिळतो. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला शाळेत मुलांकडून मराठीची थोरवी सांगणाऱ्या कविता म्हणून घेतात; त्या दिवशी निदान एका मुलाने आपल्या बोलीतले कोडे घालावे, एवढी जागा मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावी.

म्हणताना मुलाने बसून म्हटले तरी चालते, कागदात पाहून म्हटले तरी चालते. पाठांतराची सक्ती करू नये. जी कविता मुलाने शब्द गोळा करून, मोजून, दोनदा दुरुस्त करून लिहिली ती त्याला तशीही पाठ झालेली असते.

वेळापत्रक आणि खंड

आठवड्यातून एक बैठक पाऊण तासाची असावी. लहान मुलांसाठी अर्धा तासही पुष्कळ होतो. एक विषय तीन-चार बैठका चालवावा: पहिलीत शब्द, दुसरीत ताल, तिसरीत लेखन आणि गरज पडल्यास चौथीत दुरुस्ती. कोकणातले वर्ष पाहून विषय पुढेमागे करावेत. पावसाळ्यात वीज गेलेली असते, कौलांवर पाऊस वाजत असतो आणि दुसरे काही करता येत नाही, तेव्हा तालाचे आणि कोड्यांचे खेळ चांगले रंगतात. शिमग्याच्या आठवड्यात मुले पालखीमागे असतात, त्यांना अडवू नये. परतल्यावर ढोलाचा ठेका टेबलावर वाजवून दाखवायला सांगावे आणि त्या ठेक्यात शब्द बसवावेत. परीक्षेच्या काळात बैठका बंद ठेवाव्यात, नाहीतर कविता हाही एक विषय होऊन बसतो.

मुलाची आवड बदलते. मासळीवर भरभरून लिहिणारे मूल अचानक म्हणते की आता मासे पुरे, मला जेसीबीवर लिहायचे आहे. अशा वेळी मासळीची वही बंद करून जपून ठेवावी, नवी वही काढावी आणि जेसीबीच्या पुढच्या भागाला काय म्हणतात हे त्याला विचारावे. ठाऊक नसेल तर रस्त्याचे काम जेथे चालू आहे तेथे जाऊन चालकाला विचारावे, आणि तो जी नावे सांगेल ती लिहून घ्यावीत.